रूट डिस्क वाढवली तरी परत भरते: डीएफ आणि डीयूचा हिशेब जुळत नसेल तर हे तपासा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं ते लगेच कळेल.

क्लाउडवर लिनक्सची एक व्हर्च्युअल मशीन आहे. तिला ५० जीबीची रूट डिस्क (जिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम असते ती) आणि ५०० जीबीची वेगळी डेटा डिस्क आहे. डेटा डिस्क /डेटा या फोल्डरवर माउंट केलेली, म्हणजे त्या फोल्डरमधून उघडेल अशी जोडलेली आहे. एके दिवशी रूट डिस्क १०० टक्के भरते आणि अ‍ॅप लॉगिन घेईनासं होतं. कुणीतरी जुने लॉग उडवतं, दोन-तीन जीबी सुटतात, गाडी पुढे सरकते. थोड्या दिवसांनी परत तेच. मग क्लाउडच्या कन्सोलवर जाऊन रूट डिस्क ५० ची १०० केली जाते. काही काळ शांतता असते आणि पुढे कधीतरी एखाद्या रीस्टार्टनंतर ती १०० सुद्धा भरायला लागते. डीयू (फोल्डरांची जागा मोजणारी कमांड) लावून बघावं तर सगळ्या फोल्डरांची बेरीज जेमतेम १८ जीबी. बाकीची जागा खाल्ली कुणी?

नाशिक भागात हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो तो द्राक्षाच्या पॅकहाउसांत. दिंडोरी, पिंपळगाव, ओझर पट्ट्यात जानेवारी ते एप्रिल निर्यातीची धांदल असते. प्रत्येक पॅलेटचे फोटो, प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेजच्या तापमानाच्या नोंदी, रेसिड्यू तपासणीचे पीडीएफ, ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या अपेडाच्या ऑनलाइन प्रणालीवर) भरलेल्या माहितीच्या प्रती, सगळं याच काळात सर्व्हरवर येऊन पडतं. उरलेले महिने सर्व्हरकडे कुणी ढुंकून बघत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या ईआरपी सर्व्हरवर वर्षभर एकसारखा भार असतो, त्यामुळे काही बिघडलं की आठवड्याभरात कुणाच्या तरी लक्षात येतं. पॅकहाउसच्या सर्व्हरवर मात्र पावसाळ्यात झालेली गडबड फेब्रुवारीत कळते, तीही कंटेनर दारात उभा असताना.

आधी मोजा, डिस्क नंतर वाढवा

क्लाउडवरची डिस्क वाढवणं दोन क्लिकचं काम आहे. लहान करायची म्हटली तर थेट सोय नाही: नवी लहान डिस्क घ्या, डेटा कॉपी करा, जुनी काढा. त्यामुळे घाईने वाढवलेल्या जागेचं भाडं दर महिन्याला बिलात येत राहतं. पहिल्या कमांड या (डीएफ डिस्कची जागा दाखवतं, डीयू फोल्डरांची; कमांड इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप इंग्रजीत करायच्या):

डीएफ -एचटी
डीएफ -आय
डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /

डीयूमधला -एक्स विसरू नका. तो नसेल तर डीयू डेटा डिस्कमध्येही शिरतं आणि तिचीही जागा मोजतं, मग आकड्यांना काही अर्थ राहत नाही. डीएफ -आय आयनोड दाखवतं, म्हणजे प्रत्येक फाइलला लागणारी एकेक नोंद; या नोंदींनाही मर्यादा असते. लाखो बारीक फायली साचल्या असतील, उदाहरणार्थ तापमानाची दर मिनिटाला एक फाइल, तर जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा एरर येतो.

डीएफ आणि डीयू साधारण जुळत असतील तर मामला सरळ आहे. जर्नल (सिस्टिमच्या लॉगचा साठा) फुगलंय का ते जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज सांगेल. डॉकर (अ‍ॅपला ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्या कंटेनरचे लॉग बघा. डीफॉल्ट जेसन-फाइल ड्रायव्हरला आकाराची मर्यादाच नसते, मॅक्स-साइझ तुम्हालाच घालावी लागते. यापलीकडे त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

आकडे जुळत नसतील तर खरी गंमत पुढे आहे. लॉगची फाइल आरएमने उडवली, पण जी सर्व्हिस त्यात लिहीत होती तिने ती अजून उघडी धरलीय, असं असू शकतं. तेव्हा फाइल दिसत नाही, जागा मात्र सुटत नाही. एलएसओएफ +एल१ अशा फायली दाखवतं. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा परत मिळते. पुढच्या वेळी फाइल उडवू नका, ट्रंकेट -एस ० ने रिकामी करा.

एक्स्ट-फोर या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीवर) आणखी एक गोष्ट गोंधळ घालते. वापरलेली आणि शिल्लक यांची बेरीज एकूण जागेइतकी येत नाही, कारण ५ टक्के जागा रूट यूजरसाठी (सगळे अधिकार असलेल्या यूजरसाठी) राखीव असते. ५०० जीबीच्या डेटा डिस्कवर ही जागा २५ जीबी होते, म्हणजे भाडं भरून बंद ठेवलेली खोली. डेटा डिस्कवर ट्यून-टू-एफएस -एम १ ने ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही. रूट डिस्कवर मात्र ती राहू द्या. डिस्क गच्च भरल्यावर लॉगिन करून सफाई करता येते ती त्या राखीव जागेच्या जोरावरच.

दोन्ही तपासूनही २०-३० जीबी बेपत्ता असतील तर ते माउंटच्या खाली दडलेत, हे जवळपास नक्की समजा.

माउंटच्या खाली काय दडतं

/डेटा हे मुळात रूट डिस्कवरचं एक साधं रिकामं फोल्डर आहे. डेटा डिस्क माउंट झाली की तिच्यातलं सगळं तिथं दिसतं. डिस्क माउंट झाली नाही तरी फोल्डर असतंच, आणि त्यात लिहिता येतं. अ‍ॅपला फरक कळत नाही. ते /डेटा/फोटो मागतं, नसेल तर तयार करतं आणि कामाला लागतं.

आता हा क्रम बघा. मशीन रीस्टार्ट होते. कर्नल अपडेट, क्लाउडवाल्यांचं मेंटेनन्स, मशीनचा आकार बदलणं, कारण काहीही असो. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डिस्कचं नाव /डेव्ह/एनव्हीएमई१एन१ असं लिहिलेलं आहे. पण ही नावं बूटच्या वेळी डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात, पुढच्या बूटला तोच क्रम राहील याची हमी नाही. दोन डेटा डिस्क असलेल्या मशीनवर हे बऱ्याचदा होतं. नाव चुकलं, माउंट झालं नाही. ओळीत नोफेल लिहिलेलं असल्यामुळे मशीन तक्रार न करता वर येते. सर्व्हिस चालू, वेबसाइट चालू, नवे फोटोही अपलोड होतात. हे सगळं जातं रूट डिस्कवर.

पॅकहाउसमधून फोन येतो तो डिस्कबद्दल नसतोच. “सर, जुने सगळे फोटो उडालेत. कालपासूनचे तेवढे दिसतायत.” इथला आयटीवाला किंवा त्याचा भाचा लॉगिन करतो, डिस्क माउंट नाही हे त्याला दिसतं, तो माउंट -ए मारतो. जुने फोटो परत येतात, सगळे खूश. तासाभराने दुसरा फोन: “सर, आता जुने दिसतायत, पण परवाच्या कंटेनरचे नाहीत. बायर फोटो मागतोय.” परवाच्या कंटेनरचे फोटो कुठेही गेलेले नाहीत. ते रूट डिस्कवरच्या /डेटा फोल्डरमध्ये आहेत आणि त्याच्यावर आता खरी डिस्क बसली आहे. त्यांनी अडवलेली जागा डीएफ मोजतं, डीयूला मात्र ते दिसत नाहीत. रीस्टार्टगणिक हे होत गेलं तर रूट डिस्क थराथराने भरत जाते, म्हणूनच डिस्क वाढवूनही दुखणं परत येतं.

खाली बघायचं कसं? चालू मशीनवर डेटा डिस्क अनमाउंट करायची गरज नाही. रूटचा एक बाइंड माउंट (तेच फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही दिसेल अशी जोडणी) दुसरीकडे करा:

एमकेडीर /एमएनटी/तळ
माउंट --बाइंड / /एमएनटी/तळ
डीयू -एसएच /एमएनटी/तळ/डेटा

साधा --बाइंडच वापरा, --आरबाइंड नको. --आरबाइंड सगळी पोटमाउंटही सोबत आणतं आणि तुम्हाला परत वरचीच डिस्क दिसते. डीयूने इथं शून्याऐवजी २९ जीबी दाखवले की चोर सापडला.

दडलेलं बाहेर काढताना

इथं घाई केली तर खरं नुकसान होतं. आधी डेटा डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या, मग अ‍ॅप थांबवा, मग आरसिंक ही कॉपी करणारी कमांड आधी कोरडी चालवून बघा:

आरसिंक -एव्हीएन --इग्नोर-एक्झिस्टिंग /एमएनटी/तळ/डेटा/फोटो/ /डेटा/फोटो/

-एन असेपर्यंत काहीही कॉपी होत नाही, फक्त यादी दिसते. यादी पटली की -एन काढा. --इग्नोर-एक्झिस्टिंग हवंच, नाहीतर एकाच नावाच्या दोन फायलींपैकी चांगली असलेली दबून जाईल. अ‍ॅप फोटोंना ०००१, ०००२ असे अनुक्रमांक देत असेल तर जास्तच जपा. रिकामं फोल्डर मिळाल्यावर त्याने परत ०००१ पासून सुरुवात केलेली असते, म्हणजे नाव तेच आणि पॅलेट वेगळं. अशा वेळी खालच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून तारखेवरून जुळवण्यावाचून इलाज नाही.

डेटाबेस /डेटामध्ये असेल तर फाइल कॉपी करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. पोस्टग्रेस थेट मशीनवर बसवलेलं असेल तर रिकामं फोल्डर बघून ते बहुधा सुरूच होत नाही, आणि हे बरंच आहे, कारण लगेच कळतं. डॉकरमध्ये उलट होतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजला डेटा फोल्डर रिकामं दिसलं की ती स्वतःच नवा डेटाबेस तयार करते. अ‍ॅपमध्ये टेबलं आपोआप तयार करायची सोय असेल तर सगळं नव्यासारखं चालू होतं आणि त्यात दोन दिवसांच्या नोंदी भरल्या जातात. आता तुमच्याकडे दोन डेटाबेस आहेत. खालच्याची फोल्डरप्रत वेगळ्या कंटेनरमध्ये चालू करून डंप काढायचा आणि नोंदी एकेक टेबल बघून खऱ्या डेटाबेसमध्ये भरायच्या. लॉट नंबर दोन्हीकडे एकच येऊ शकतो, म्हणून हे काम पॅकहाउसच्या सुपरवायझरला शेजारी बसवूनच करावं. आपल्याला टेबल कळतं, कोणता लॉट कोणत्या शेतकऱ्याच्या प्लॉटचा ते त्यालाच ठाऊक असतं.

परत होऊ नये म्हणून

पहिलं, एफएसटॅबमधून डिस्कचं नाव काढा आणि यूयूआयडी (क्रम बदलला तरी न बदलणारा ओळखक्रमांक) घाला. ब्लकआयडी तो दाखवतं. डिस्क एक्सएफएस या फाइलसिस्टिमची असेल तर ओळ साधारण अशी:

यूयूआयडी=ब्लकआयडीने-दाखवलेला /डेटा एक्सएफएस डीफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३० ० ०

नोफेल ठेवायचं की काढायचं यावर वाद होतात. काढलं आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारी यंत्रणा) साधारण ९० सेकंद वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये नेतं. समोर मॉनिटर-कीबोर्ड असलेल्या सर्व्हरवर ते चालून जातं. क्लाउडवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) बंद म्हणजे हात तोडल्यासारखं. मग सीरियल कन्सोल शोधा, नाहीतर रूट डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून एफएसटॅब दुरुस्त करा. म्हणून माझं मत असं की नोफेल राहू द्या, पण डिस्क नसताना सर्व्हिस सुरू होऊ देऊ नका. मशीन वर यावी, अ‍ॅप येऊ नये. सिस्टमसीटीएल एडिट करून सर्व्हिसच्या युनिट विभागात एवढी एक ओळ घाला:

रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/डेटा

मूळ ओळीत मधल्या रेघा नाहीत, सलग एकच शब्द आहे. या ओळीमुळे माउंट फसलं की सर्व्हिसही सुरू होत नाही. अ‍ॅप डॉकरमध्ये असेल तर हीच ओळ डॉकरच्या सर्व्हिसला लावा. अ‍ॅप बंद दिसलं की पाच मिनिटांत फोन येतो, आणि तोच हवा असतो.

दुसरा उपाय फारसा कुणी करत नाही, पण मला तो सगळ्यांत आवडतो. डेटा डिस्क अनमाउंट करून, रिकाम्या /डेटा फोल्डरवर सीएचएटीटीआर +आय लावा. त्यानंतर डिस्क नसताना त्या फोल्डरमध्ये रूट यूजरलाही फाइल तयार करता येत नाही. डिस्क मात्र त्यावर नेहमीसारखी माउंट होते. एका ओळीचं काम आहे आणि कुठल्याही सर्व्हिसच्या सेटिंगवर अवलंबून नाही.

बदल केल्यावर सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, मग फाइंडएमएनटी --व्हेरिफाय, मग माउंट -ए. आणि एकदा खरोखर रीबूट करून बघा. दिवाळी ते डिसेंबर हा त्यासाठी चांगला काळ आहे: छाटण्या आटोपलेल्या असतात आणि पॅकहाउस अजून निवांत असतं. जमलं तर डेटा डिस्क कन्सोलवरून मुद्दाम डिटॅच करून मशीन वर आणा आणि अ‍ॅप खरंच बंद राहतं का ते बघा.

डिस्क खरंच वाढवायची असेल तर

कधीकधी जागा खरोखरच संपलेली असते. कन्सोलवर १०० ची २०० केली तरी डीएफ १००च दाखवतं, हा प्रश्न कायम विचारला जातो. कन्सोल फक्त डिस्क वाढवतो. त्यावरचं पार्टिशन आणि पार्टिशनवरची फाइलसिस्टिम तुम्हालाच वाढवावी लागते. एलएसबीएलके चालवलं की डिस्क २०० आणि तिच्या पोटातलं पार्टिशन १०० असं स्पष्ट दिसतं.

ग्रोपार्ट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१ १

शेवटच्या १ च्या आधी जागा सोडायची असते. पार्टिशनचं नाव सलग लिहिलं की कमांड अडते. त्यानंतर एक्स्ट-फोर असेल तर रिसाइझ-टू-एफएसला पार्टिशनचं नाव द्या, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएसला माउंटचं ठिकाण द्या. दोन्ही चालू मशीनवर होतात. एलव्हीएम (पार्टिशन आणि फाइलसिस्टिम यांच्यामधला जागा वाटणारा थर) असेल तर मध्ये पीव्हीरिसाइझ आणि मग एलव्हीएक्स्टेंड -आर. रूट डिस्क पूर्ण भरलेली असेल तर ग्रोपार्टच ‘जागा नाही’ म्हणून थांबतं, कारण त्याला /टीएमपीमध्ये थोडं लिहायचं असतं. /टीएमपीवर तात्पुरता टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टिम) माउंट केला की ते पुढे जातं. पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचं असेल तर २ टीबीच्या पुढे जाता येत नाही, जीपीटी लागतं. एक्सएफएस मोठी होते, लहान होत नाही, हेही वाढवण्याआधी लक्षात असू द्या.

जागा आहे, पण सर्व्हर रांगतोय

हे वेगळं दुखणं आहे, पण वरच्या दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. सकाळी सर्व्हर पळतो, दुपारी रांगतो. कुणीतरी वैतागून मशीन रीस्टार्ट करतं आणि त्या रीस्टार्टमध्ये डिस्क माउंट व्हायची राहते.

अ‍ॅमेझॉनच्या जुन्या जीपी-टू डिस्कला दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) मिळतात. १०० जीबीच्या डिस्कला म्हणजे ३००. साठवलेल्या क्रेडिटवर ती ३,००० पर्यंत धावते, पण पूर्ण वेगाने वापरलं तर साधारण अर्ध्या तासात क्रेडिट संपतं आणि डिस्क ३०० वर येते. सकाळी ठीक आणि दुपारी ठप्प, यामागे हेच असतं. जीपी-थ्रीमध्ये आकार कितीही असला तरी ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबीचा पाया मिळतो. डिस्कचा प्रकार चालू मशीनवर बदलता येतो, रीस्टार्ट लागत नाही. अझ्युरवर हाच हिशेब आकाराच्या पायऱ्यांनी चालतो: १२८ जीबीच्या पी-टेन डिस्कला ५०० आयओपीएस, १ टीबीच्या पी-थर्टीला ५,०००. शिवाय मशीनची स्वतःची मर्यादा वेगळी असते. छोट्या मशीनला भारी डिस्क लावून उपयोग नाही.

आयओस्टॅट -एक्स ५ चालवा आणि अवेटचे (डिस्कच्या उत्तराला लागणाऱ्या वेळेचे) आकडे बघा. ते चढले असतील आणि सीपीयू निवांत असेल तर डिस्कच अडतेय. नाशिकमध्ये पहिला संशय इंटरनेटच्या लाइनवर घ्यायची पद्धत आहे. डिस्क अडली असेल तर लाइन बदलून काडीचा फरक पडत नाही.

जागेच्या टंचाईत कुणाला तरी मशीनवर एक ‘फुकटची’ डिस्क सापडते. अझ्युरच्या विंडोजवर बऱ्याच मशीनना ती डी ड्राइव्ह म्हणून दिसते, लिनक्सवर बहुधा /एमएनटीवर. ही तात्पुरती डिस्क आहे. मशीन डीअलोकेट केली की तिच्यावरचं सगळं जातं. तिच्यात तशी सूचना देणारी फाइलही ठेवलेली असते, पण ती उघडतो कोण? अ‍ॅमेझॉनच्या इन्स्टन्स स्टोअरचंही तसंच, मशीन स्टॉप केली की डेटा गेला. स्वॅप, कॅशे याला ती डिस्क चांगली. बॅकअप तिथं ठेवू नका.

स्नॅपशॉटवरून डिस्क परत आणून त्याच मशीनला जोडताना एक अडचण येते. प्रतीचा यूयूआयडी मूळ डिस्कसारखाच असतो, आणि आता एफएसटॅबमध्ये तुम्ही यूयूआयडीच वापरताय. एक्सएफएस अशी दुसरी डिस्क माउंट करायला सरळ नकार देते, तपासण्यापुरतं माउंट -ओ नोयूयूआयडी लावा. एक्स्ट-फोर नकार देत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. प्रत जोडलेली असताना मशीन रीबूट करू नका, काम झालं की लगेच डिटॅच करा. अशा डिस्कवरची पहिली वाचनं संथ असतात, कारण ब्लॉक मागितल्यावर मागून येतात. ते बिघाड समजून परत रीस्टार्ट करू नका.

रोजच्या देखरेखीला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) दर पाच मिनिटांनी माउंटपॉइंट -क्यू /डेटा चालवा आणि ते फसलं तर मेसेज पाठवा. डिस्क किती टक्के भरली याचा अलार्म बहुतेकांकडे असतो, डिस्क जागेवर आहे का याचा नसतो. आणि दडलेल्या फायली जुळवून, सुपरवायझरने तपासून झाल्या की /एमएनटी/तळ/डेटामधल्या उडवा आणि यूमाउंट /एमएनटी/तळ करा. हा बाइंड माउंट तसाच राहिला तर रात्रीचा बॅकअप त्यातही शिरतो आणि सगळं रूट दोनदा उचलतो.